नमुना आणलाय काय?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये शिरा आणि एखादा पार्ट करून मागा. लेथवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "नमुना आणलाय काय?" ड्रॉइंग पुढं केलं तर हातात घेतो, उलटसुलट बघतो, बाजूला ठेवतो आणि पुन्हा तेच, "ते असू दे. नमुना?" मोडका चालतो. झिजलेला असेल तर आणखी बरं, कारण झीज कुठं बसली ते बघून मूळ माप काय होतं आणि ते का टिकलं नाही, दोन्ही एकदमच कळतं.

आमचा सगळा धंदा या प्रश्नावर उभा राहिला. बाहेरचं इंजिन यायचं, पंप यायचा. तो उघडायचा, लाकडी पॅटर्न करायचा, शेजारच्या भट्टीत ओतायचा आणि भिंत जरा जाड ठेवायची, कारण आपला शेतकरी ते यंत्र बैलासारखं राबवणार. याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. माझ्या वडिलांनी हेच केलं आणि त्यावर आमची शिक्षणं झाली. त्यामुळं दुसऱ्यानं नमुना मागावा अशी वस्तू जेव्हा आमच्याच शेडमध्ये तयार झाली, तेव्हा तिचं पुढं काय करायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ती वस्तू म्हणजे रायफल. दचकू नका, छऱ्याची. १० मीटरवरच्या नेमबाजीसाठी असते ती. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची हवेची बंदूक बाळगायला परवाना लागत नाही, आणि आमची जेमतेम साडेसात ज्यूलची. तरी पहिले सहा महिने मिस्त्री शेडचं दार लोटून काम करायचे. "उद्या पेपरात यील, उद्यमनगरात बंदुका घावल्या म्हणून."

मिस्त्री म्हणजे वडिलांच्या काळापासूनचे आमचे फिटर. वय सत्तरीच्या पुढं. मला व्हर्नियर धरायला त्यांनी शिकवलं, त्यामुळं मी शेडचा मालक झालो तरी त्यांच्या तोंडी 'तू'च आहे. छऱ्याच्या बंदुकांशी त्यांचा संबंध जुना. जोतिबाची चैत्र यात्रा संपली की फुगे फोडायच्या स्टॉलवाले बंदुका घेऊन यायचे. कुणाची स्प्रिंग बसलेली, कुणाचा चामड्याचा वायसर गेलेला. त्या बंदुकांच्या नळ्या मुद्दाम वाकड्या केलेल्या असतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. मिस्त्रींच्या मते तो मूर्खपणा आहे. नळी कशाला वाकवायची, नळीच्या टोकाची नेम धरायची माशी जरा सरकवली की झालं.

मग माझी भाची. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, आणि कोल्हापुरातल्या निम्म्या पोरांना आपण नेमबाज आहोत असा साक्षात्कार झाला. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं आधीपासून घरोघरी होतीच. भाचीनं मात्र खरंच सोडलं नाही. दुधाळीच्या रेंजवर ती जायला लागली आणि तिसऱ्या आठवड्यात रडत घरी आली. पोरगी डावखुरी. उजव्या हाताच्या रायफलीवर डावखुऱ्यानं नेम धरणं म्हणजे उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घालून जोतिबाचा डोंगर चढणं. मुठीचा आकार उलटा, गाल टेकायची फळी उलटी, आणि छरा भरायची लिव्हर पलीकडच्या अंगाला. सामन्यात ६० छरे, वेळ ७५ मिनिटं. दर छऱ्याला ती खांदा सोडायची, लिव्हर ओढायची, पुन्हा तोल जमवायची. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साठ वेळा खांदा सोडून तो कुणाला लागणार?

डाव्या हाताच्या रायफली मिळतात, जर्मनीहून मागवाव्या लागतात आणि किंमत ऐकून माझे मेहुणे खाली बसले. क्लबात एका डावखुऱ्या पोरासाठी कुणी वेगळी रायफल घेत नाही, आणि त्यात क्लबाची चूकही नाही.

"लिव्हर हिकडची तिकडं होईल अशी कराया काय लागतंय?" मिस्त्री म्हणाले. ते 'काय लागतंय' पुढं चौदा महिने चाललं.

नळी, हवेचं सिलिंडर, रेग्युलेटर यांना आम्ही हात लावला नाही, विकतच्या एका रायफलीचं तसंच ठेवलं. छरा आत ढकलणारी यंत्रणा, लिव्हर, दस्ता आणि मूठ आमची. दोन बोल्ट काढायचे, लिव्हर दुसऱ्या अंगाला लावायची, मूठ बदलायची, गालाची फळी फिरवायची. दहा मिनिटांत उजवी रायफल डावी. म्हणजे क्लबात एकच रायफल सकाळी उजव्या पोराला, दुपारी डाव्या पोरीला. मूठ मिस्त्रींनी शिसवीच्या जुन्या पलंगाच्या पायातून कोरली. पलंग माझ्या आजीचा, आईला अजून सांगितलेलं नाही.

लिव्हर फिरवली की छऱ्याचा वेग बदलत होता. असल्या रायफलीचा छरा सेकंदाला साधारण १७० मीटर जातो, आणि तो प्रत्येक वेळी तेवढाच जायला हवा. उजवीकडून लिव्हर लावली की फरक दोन-तीन मीटरचा, डावीकडून लावली की आठ-नऊ मीटरचा. मी कॉम्प्युटरवर मॉडेल करून बघितलं, सगळं बरोबर. मिस्त्रींनी आतला भाग बोटानं दाबून बघितला आणि म्हणाले, एका अंगाला पिन ताण घेतीया, सील तिरकं बसतंय. दुसऱ्या दिवशी पितळी पत्र्याची पातळ चकती कापून त्यांनी एकाच बाजूला घातली. फरक गेला. (चकतीचं आता पेटंटच्या अर्जात छापून आलंय, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.) त्या वर्षी खंडेनवमीला लेथ, ग्राइंडर, व्हर्नियर यांच्या रांगेत ती रायफलही मांडली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. शस्त्रांची पूजा आमच्याकडं तोवर पान्यांवरच भागत होती.

आता हे विकायचं कसं? रायफल आपणच बनवून विकायची म्हटलं तर भांडवल, चाचण्या, दुरुस्तीची माणसं आणि सगळ्यात महाग म्हणजे नाव. नेमबाज पोराचा बाप दोन गोष्टी बघतो, कुठल्या कंपनीची आणि कोण वापरतं. 'उद्यमनगर, तिसरी गल्ली' असं नळीवर कोरलं तर कोण घेणार? म्हणून ठरलं, बंदुका बनवणाऱ्या एखाद्या मोठ्या कारखान्याला डिझाइन द्यायचं. आपल्याकडं हे अगदी नवं नाही. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेबरोबर 'अस्मी' हे ९ मिलिमीटरचं मशिन पिस्तूल विकसित केलं, २०२१ मध्ये ते लोकांसमोर आलं, आणि बनवते हैदराबादची लोकेश मशिन्स, जी मुळात आमच्यासारख्यांना मशिनं विकणारी कंपनी. कल्पना एकाची, कारखाना दुसऱ्याचा. अर्थात तिथं मागं सरकारी संस्था उभी होती आणि आमच्या मागं आजीचा पलंग.

पहिल्या कंपनीत गेलो तेव्हा मी शुद्ध अडाणी होतो. रायफल टेबलावर ठेवली, लिव्हर फिरवून दाखवली, त्यांच्या तिघांनी मोबाइलवर फोटो काढले, आणि मला तो मान वाटला. कसलाही गोपनीयतेचा कागद नाही. चहा चांगला होता. पुढं चार महिने फोन उचलला नाही आणि मग निरोप आला, एकरकमी साडेतीन लाख, सगळे हक्क कंपनीचे.

गल्लीत ज्याला त्याला एकच भीती. नक्कल करतील. सगळ्यांना मिलानचं आठवत होतं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तिथल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली होती आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं, बोंब झाल्यावर घेतलं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन असूनही ही तऱ्हा. मला मात्र या रागात थोडं हसू येत होतं. तिघा फोटो काढणाऱ्यांना शिव्या घालणाऱ्या आमच्यातल्या कुणाच्या बापानं आयुष्यात एकदा तरी इंजिन उघडून माप घेतलं नव्हतं? आणि नक्कल काय गल्लीच करते? अमेरिकेच्या सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल जर्मनीच्या माउझरशी इतकी मिळतीजुळती निघाली की अमेरिकी सरकारला १९०५ मध्ये करार करून माउझर कंपनीला २ लाख डॉलरपर्यंत रॉयल्टी कबूल करावी लागली. सरकार नमुना उघडून बघतं आणि वर पैसेही देतं. आमच्या गल्लीत पैसे द्यायची पद्धत तेवढी नव्हती.

पेटंट एजंटानं पहिल्या भेटीत माझा रुबाब उतरवला. लिव्हर दोन्ही बाजूंना लागणं ही कल्पना तुमची नाही, परदेशात आहे. तुमची आहे ती ती बसवायची रीत आणि ती चकती, आणि हक्क मिळेल तो तेवढ्याचाच. म्हणजे चौदा महिन्यांतून माझं मॉडेल वजा करून मिस्त्रींची चकती शिल्लक. अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, एजंटाची तिच्या कितीतरी पट. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज, बारा महिन्यांत पूर्ण अर्ज. पेटंट मिळालं तर वीस वर्षं. अर्जात संशोधक म्हणून मिस्त्रींचं नाव पहिलं घातलं. त्यांनी सही केली आणि विचारलं, "ह्यात मी काय काय विकलो?"

हे समजावायला मला इंग्रजी शब्द उपयोगी पडले नाहीत, शेती पडली. कंपनी म्हणते एकरकमी घेतो, ते खरेदीखत. वर्षाला ठरावीक देतो, तो खंड. विकलेल्या दर रायफलीमागं टक्का देतो, तो वाटा. मिस्त्रींनी लगेच पुढचं विचारलं. त्यांचे वडील कूळ होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं त्यांची दीड एकर नावावर झाली, आणि ती गोष्ट त्यांच्या घरात देवासारखी सांगितली जाते. "म्हंजे कंपनी कसणार. मग कसंल त्याची जमीन न्हाई का हुणार?"

वकिलानं नंतर दोन तास लावून जे सांगितलं ते नेमकं हेच. कंपनी आपल्या डिझाइनमध्ये सुधारणा करणार, त्या सुधारणा कुणाच्या? पाच वर्षांनी करार संपला आणि बाजारात असलेली रायफल निम्मी आपली, निम्मी त्यांची झाली तर? एकट्या कंपनीलाच हक्क द्यायचा की दुसऱ्यालाही देता यायचा? 'निव्वळ विक्री किंमत' म्हणजे काय, त्यातून कर, वाहतूक, डीलरचं कमिशन, नमुन्यादाखल फुकट दिलेल्या रायफली असं काय काय वजा होणार? या दोन शब्दांवर आमच्या बैठकीची एक अख्खी दुपार गेली. टक्का किती यापेक्षा तो कशावर, हे मोठं. आणि घाई कुणाला, हे सगळ्यात मोठं. १९५९ साली आर्मालाइट नावाच्या छोट्या कंपनीनं आपल्या एआर-१५ रायफलीचे हक्क कोल्ट या बंदुकांच्या कंपनीला ७५,००० डॉलर आणि पुढच्या विक्रीवर साडेचार टक्के एवढ्यावर दिले. त्याच रायफलीची पुढं एम-१६ झाली आणि लाखांच्या संख्येनं खपली. देणाऱ्यांना तेव्हा पैशाची निकड होती. भाव निकडीनं पाडला, रायफलीनं नव्हे.

माझी स्वतःची झोप मात्र टक्क्यानं उडवली नव्हती. जॉन ब्राउनिंग या बंदुका घडवणाऱ्यानं उडवली. अमेरिकेत ऑग्डेन नावाच्या गावात बापाचं बंदुका दुरुस्तीचं दुकान, पोरगा तिथंच शिकलेला. त्यानं एकबारी रायफल केली, १८७९ मध्ये पेटंट घेतलं, भावांना हाताशी धरून दुकानातच बनवून विकायला लागला. १८८३ मध्ये विंचेस्टर या बंदुकांच्या कंपनीचे बेनेट त्या आडगावी आले आणि ८,००० डॉलर देऊन हक्क घेऊन गेले. तीच विंचेस्टरची १८८५ ची रायफल. इथवर कुणालाही हेवा वाटावा. पुढची जवळजवळ वीस वर्षं ब्राउनिंग डिझाइन करत गेला, विंचेस्टर एकरकमी विकत घेत गेली, आणि त्यातली कितीतरी डिझाइन्स तिनं कधी बनवलीच नाहीत. दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून घेतलेली. पैसे पोचले, बंदूक कपाटात. १९०२ मध्ये आपोआप भरणाऱ्या शॉटगनसाठी त्यानं पहिल्यांदा रॉयल्टी मागितली, बेनेटनी नकार दिला. तो रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीकडं गेला, तर तिथल्या अध्यक्षांना ज्या दिवशी भेटायचं त्याच दिवशी ते हृदयविकारानं गेले. मग बंदूक उचलून तो समुद्रापार बेल्जियमला, एफएन या बंदुकांच्या कारखान्याकडं गेला. तिथं ती बनली, खपली. १९२६ मध्ये तो वारला तोही बेल्जियममध्येच, त्याच कारखान्यात कामावर असताना.

मिस्त्रींना मी हे चहाच्या वेळी सांगितलं. त्यांना रॉयल्टीचं काही वाटलं नाही. त्यांना कपाटाचं वाटलं. "पैसं दिऊन पड पाडली व्हय रान?" बशी खाली ठेवून ते बराच वेळ गप्प बसले.

नक्कल झाली तर निदान रायफल कुठल्यातरी डावखुऱ्या पोरीच्या खांद्याला लागेल. कपाटात गेली तर कुणाच्याच नाही, आणि आम्हालाही ती बनवता येणार नाही, कारण हक्क विकलेले. साडेतीन लाखवाल्या कंपनीचं कपाट मला तेव्हा दिसायला लागलं. त्यांची स्वतःची उजव्या हाताची रायफल बाजारात बरी खपत होती. ते आमची कशाला काढतील?

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचाही पड रानावर डोळा आहे. कलम ८४ प्रमाणे पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि ते देशात वापरलंच नाही, तर दुसरा कुणीही सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो. २०१२ मध्ये तसा परवाना कर्करोगाच्या एका औषधासाठी नॅटको कंपनीला मिळाला होता. पण छऱ्याच्या रायफलीसाठी कोण कोर्टकचेरी करणार? आपलं आपणच लिहून घ्यायचं. दुसऱ्या कंपनीशी बोलणी झाली तेव्हा वकिलाला मी एकच कलम हट्टानं घालायला लावलं. अठरा महिन्यांत रायफल विक्रीला आली नाही तर हक्क बिनबोभाट परत, आणि घेतलेली आगाऊ रक्कम आम्ही परत करणार नाही. कंपनीच्या वकिलीणबाईंनी त्या कलमावर तीन वेळा रेघ मारली. तीन वेळा आम्ही ते पुन्हा घातलं. मसुद्यात आम्ही त्याला 'पडीचं कलम' म्हणत होतो. शेवटी त्यांच्या मेलमध्येही 'पडी क्लॉज' असं आलं, तेव्हा कळलं की होणार. बाकीचे आकडे लिहीत नाही, तसं कबूल केलंय. वाटा आहे, थोडा खंड आहे, खरेदीखत नाही.

सही होऊन आता अकरा महिने झालेत. त्यांनी चार रायफली केल्या. देखण्या. आणि चारही डावीकडून लिव्हर लावली की वेगात आठ-नऊ मीटरचा फरक. त्यांच्या डिझाइन विभागातल्या पोरानं चकती काढून टाकली होती, 'सिमेट्रिकल असेंब्लीत एका बाजूला वॉशर कशाला' म्हणून. पोरगा हुशार आहे, मीही आधी तेच म्हणालो होतो. मिस्त्री रात्रीच्या बसनं गेले, डब्यात भाकरीच्या खालच्या कप्प्यात सहा चकत्या कागदात गुंडाळून. चकत्या घातल्या. दोन रायफली बऱ्या झाल्या, दोन नाही. त्या दोनांचे बोल्ट त्यांनी स्वतः सोडून पुन्हा आवळले, आणि त्याही झाल्या.

मग कंपनीचा मेल आला. बोल्ट किती आवळायचा ते न्यूटन-मीटरमध्ये कळवा, असेंब्लीच्या कागदात लिहायचं आहे. रास्त मागणी आहे. दिवसाला वीस रायफली जोडणाऱ्या पोरांना 'हाताला लागेपर्यंत' असं लिहून देता येत नाही.

मिस्त्रींनी मला 'हाताला लागेपर्यंत' असंच सांगितलं.

गेल्या रविवारी शेड बंद असताना आम्ही बसलो. भाचीही होती, तिची रायफल म्हणजे नमुना क्रमांक तीन, तो करारात तिच्याकडंच राहू दिलाय. मिस्त्री बोल्ट आवळायचे, मी खूण करायचो, सोडायचो, आकडे दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानं त्याच खुणेपर्यंत आवळून वाचायचो, भाची वहीत लिहायची. तीस वेळा. मला वाटलं होतं आकडे इकडंतिकडं उड्या मारतील. नाही मारल्या. तिसाचे तीस आकडे एवढ्याशा पट्ट्यात बसले की भाची दोनदा म्हणाली, मामा, पाना अडकलाय का बघ. मी सरासरी काढली, वर-खाली सूट किती द्यायची ते ठरवलं आणि तो आकडा कोऱ्या कागदावर मोठा लिहून मिस्त्रींच्या पुढं धरला. आकडा इथं लिहिता येणार नाही, तो आता कंपनीचा आहे.

त्यांनी चष्मा वर केला, कागद लांब धरून बघितला.

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

कागद त्यांनी माझ्याकडं परत दिला, हात कापसाला पुसले आणि विचारलं, "आणि ह्येचं पैसं धरल्यात काय त्या करारात?"

धरले नव्हते. भाची वहीतनं मान वर करून माझ्याकडं बघायला लागली.